पिवळी तार, तांबडी तार

गेल्या चैत्रात आमच्या धाकट्या बंधूंनी घरात ठराव मांडला, की अण्णांच्या गाडीत ‘म्युझिक’ बसवावे. अण्णांची गाडी म्हणजे १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. आमच्या घरी तिला आजतागायत ‘फियाट’ याच नावाने ओळखतात. तिचा गिअर स्टिअरिंगजवळ, पुढची बैठक सलग, आणि डॅशबोर्डात दोन गुंड्यांचा रेडिओ. रेडिओ ठेवण्यास पोस्टाचा परवाना लागे त्या काळातला तो. त्याचे परवानापुस्तक अजून कपाटात आहे. रेडिओ मात्र कैक वर्षे मुका होता. कुमार गंधर्व देवासला होते तोवर, म्हणजे १९९२ पर्यंत, अण्णा याच गाडीने इंदूरहून देवासला गाणे ऐकावयास जात. आता वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी ते गाडी चालवीत नाहीत. रविवारी सकाळी ती पाच मिनिटे सुरू करून ऐकतात, इतकेच.

ठराव एकमताने संमत झाला असे आम्ही लिहिले असते. पण खरे सांगावयाचे तर अण्णांचे मत आम्ही घेतलेच नाही. नव्या आवाजाने त्यांना आनंद होईल, तेव्हा आयत्या वेळी दाखवू, असा आमचा बेत होता. वडीलधाऱ्यांना आनंद देण्याच्या भरात त्यांना विचारावयाचे राहून जाते, हा अनुभव आमच्या वाचकांसही असेल.

दुकानदाराने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हटले, “साहब, कटिंग तो करनी पड़ेगी.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. हल्लीचे सेट १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच, या ठरलेल्या मापाचे असतात. जुन्या रेडिओची खाच त्याहून लहान. मधे तबकडीपुरती फट आणि दोन बाजूंना गुंड्यांची भोके. बंधूंनी आमच्याकडे पाहिले, आम्ही मान हलविली, आणि करवत पत्र्यावर चालली. दोन तासांत सेट बसला, मागच्या काचेखालच्या फळीवर दोन लंबगोल स्पीकर आले, निळे दिवे लागले. अण्णांनी गाडी पाहिली. कापलेल्या जागेवर त्यांची नजर थोडी थांबली. ते काही बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी सर्वांनी देवासच्या टेकडीवर देवीच्या दर्शनास जाण्याचे ठरले. अण्णा मागे बसले. गाणे उत्तम चालले होते. क्षिप्रेचा पूल ओलांडला, आणि डॅशबोर्डाखालून जळक्या रबराचा वास व पाठोपाठ धूर आला. बंधूंनी गाडी कडेला घेऊन चावी काढली, धूर थांबेना. आम्ही सेटचे बटण दाबू लागलो. तेवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला, “बटणाला काय हात लावता? बॅटरीची मायनस काढा आधी! पाना माझ्या सीटखाली आहे.” पाना खरोखरच तिथे होता. मायनसची पट्टी सुटली आणि धूर विरत गेला. मुले रस्त्याकडेच्या बाभळीखाली उभी होती. गाडीत चार लिटरच्या वर पेट्रोल होते, हा विचार आमच्या मनात आला तो घरी पोचल्यावर.

अण्णा गिरणीत विजेच्या खात्यात तीस वर्षे होते, हे येथे सांगावयास हवे. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणात वेताची खुर्ची मांडली, मीटर मागवला आणि आम्हां दोघां बंधूंना कामाला लावले. चार संध्याकाळी हे काम चालले. त्यात जे उमगले ते, जुनी गाडी बाळगून असलेल्या वाचकांसाठी, येथे लिहितो.

सेटच्या मागे तारांचा झुपका असतो आणि त्यांचे रंग बहुधा ठरलेले असतात. पिवळी तार थेट बॅटरीची. तिला सदैव वीज असते, त्यावर सेटची स्मरणशक्ती चालते. तांबडी तार चावी फिरविल्यावर वीज मिळणारी. तिने सेट जागा होतो व चावी काढताच निजतो. काळी तार गाडीच्या अंगाशी, म्हणजे मायनसशी. पांढरी, राखाडी, हिरवी व जांभळी या स्पीकरच्या; प्रत्येकीची जोडीदार त्याच रंगाची, पण अंगावर काळी रेघ असलेली.

आमचा घात केला तो पिवळ्या तारेने. दुकानदाराने ती बॅटरीपासून आत आणताना पत्र्याच्या भोकातून तशीच ओढली होती. भोकाला रबरी कडी नव्हती. गाडी हादरे खाते, पत्र्याची धार तारेचे वेष्टण कापते, आणि तांबे पत्र्याला भिडले की बॅटरीतली सारी वीज त्या एका वाटेने धावू लागते. चावी काढूनही धूर थांबला नाही याचे कारण हेच, की त्या तारेच्या वाटेत चावी नव्हतीच. “पण सेटला पंधरा अँपिअरचा फ्यूज आहे ना?” बंधूंनी विचारले. अण्णा म्हणाले, “तो सेटच्या पाठीवर आहे. तो सेटला वाचवील. त्याच्या अलीकडच्या तारेला कोण वाचवणार?” म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. आमच्या गाडीत आता तेथे पंधरा अँपिअरचा फ्यूज आहे, तार अडीच चौरस मिलिमीटरची आहे, आणि भोकाला रबरी कडी आहे. या तिन्ही वस्तूंचा खर्च त्या दिवशीच्या प्रसादाहून फार नव्हता.

दुसरी गोष्ट जोडांची. पीळ देऊन वर टेप गुंडाळणे ही आपल्याकडची सार्वत्रिक रीत. माळव्याच्या वैशाखात बंद गाडीत त्या टेपचा डिंक पातळ होतो, टेप सुटते आणि जोड उघडा पडतो. आम्ही सारे जोड उकलून डाख दिला व वर आकसणारी नळी चढविली. काळ्या तारेसाठी पत्र्यावरचा रंग खरवडून स्वच्छ धातूवर स्क्रू आवळला. रंगावर आवळलेला स्क्रू दिसावयास घट्ट, कामास निरुपयोगी.

तिसरी गोष्ट स्पीकरची, आणि येथे जुने ज्ञानच दगा देते. जुन्या रेडिओत पुष्कळदा स्पीकरला एकच तार जाई; दुसरे टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असे. नव्या सेटची घडण वेगळी आहे; त्याच्या स्पीकरच्या दोन्ही तारांत वीज खेळती असते. त्यांतली एक जरी पत्र्याला लागली तरी सेटचे आतले यंत्र जळू शकते. म्हणून जुनी एकेरी तार वापरू नये. सेटपासून स्पीकरपर्यंत दोन स्वतंत्र तारा न्याव्या. तसेच चार ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडीवर शेजारी-शेजारी जोडले तर भार दोन ओहमचा होतो आणि तो बहुतेक सेटना पेलत नाही.

खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे छापलेले असते. अण्णांनी ते वाचून कागदावर गुणाकार-भागाकार केला. चार पन्नास म्हणजे दोनशे वॅट. पंधरा अँपिअरला बारा व्होल्टने गुणले तर एकशे ऐंशी. म्हणजे जे आत येऊ शकत नाही ते बाहेर कसे पडणार? सलग वाजताना असे सेट दर स्पीकरला पंधरा-वीस वॅटच देतात. छापलेला आकडा क्षणभराच्या उसळीचा असतो. पद्मिनीसारख्या गाडीला तेवढे पुष्कळ आहे. शिवाय आमच्या गाडीत डायनामो आहे. इंजिन मंद चालू असताना तो बॅटरीला काहीच देत नाही. रात्री दोन मोठे दिवे आठ-नऊ अँपिअर खातात. त्यात सिग्नलवर उभे राहून मोठ्याने गाणे लावले तर सारा भार बॅटरीवर. गाडी आठवड्यातून एकदाच निघत असेल तर आणखी एक हिशेब आहे. पिवळ्या तारेतून सेट निजलेला असतानाही थोडी वीज जाते. पाच मिलिअँपिअर धरली तर महिन्याकाठी साडेतीन अँपिअर-तासांच्या वर. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मायनस सोडून ठेवावी.

सारे जोडल्यावर एक नवीनच तक्रार निघाली. रेडिओ लावला की इंजिनाच्या लयीत टकटक ऐकू येई, वेग वाढला की टकटक जलद. ही जुन्या पॉइंटच्या इग्निशनची ठिणगी. कॉइलच्या प्लस बाजूस एक कंडेन्सर लावला, प्लगना रोधक टोप्या चढविल्या, आणि टकटक कानाआड झाली. कंडेन्सर पॉइंटच्या बाजूस लावू नये, हेही येथेच सांगून ठेवतो. तसे केल्यास गाडीच नीट चालत नाही.

चौथ्या संध्याकाळी सेट परत खाचेत सरकविण्यापूर्वी अण्णा खुर्चीवरून उठले, गाडीत वाकले आणि कापलेल्या पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरविला. आम्ही दोघे बाजूला उभे होतो. चूक आमची होती आणि ती कशी बोलून दाखवावी ते सुचत नव्हते. सेट खाली एका लाकडी पेटीतही बसविता आला असता. गिअर स्टिअरिंगला असल्याने तेथे हवी तेवढी जागा होती. विचारले असते तर अण्णांनी तेच सुचविले असते. शेवटी आम्ही म्हणालो, “अण्णा, तुम्हांला विचारायला हवं होतं.”

“कापलंत ते कापलंत,” अण्णा म्हणाले. “पत्रा काही परत येत नाही. पण कड तशीच ठेवलीत तर उद्या हीच तारा कापील. कानस आणा.”

बंधूंनी कानस आणली. कड त्यांनीच घासली. अण्णा अंगठा फिरवून “अजून” म्हणत राहिले. अंधार पडता पडता त्यांचा अंगठा थांबला. जुना रेडिओ त्यांनी फडक्यात गुंडाळून परवानापुस्तकाशेजारी ठेवण्यास सांगितले.

मग पुन्हा देवासला गेलो. या खेपेस अण्णा पुढे बसले. क्षिप्रेच्या पुलावर त्यांनी हात पुढे केला. आम्हांस वाटले, गाणे बदलावयाचे असेल. “जरा कमी करा,” ते म्हणाले, “टॅपेट वाजतंय का बघू द्या.” बंधूंनी आवाज कमी केला, आणि पुलाच्या टोकापर्यंत आम्ही सारे इंजिन ऐकत गेलो.