मूळ दप्तर आणि नक्कल

बारावीची मुले एक वाक्य घोकतात : डीएनएमध्ये थायमिन, आरएनएमध्ये युरॅसिल. असे का, हे त्यांना सहसा कुणी सांगत नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे. पण कारकुनी करणाऱ्याला ही गोष्ट चटकन उमगते.

डीएनए म्हणजे पेशीच्या कपाटातले मूळ दप्तर. आरएनए ही त्यातल्या एखाद्या पानाची नक्कल; काम झाले की ती फाडून टाकायची. दोन्हींत अक्षरे चारच. ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन ही तीन सारखी, चौथे तेवढे निराळे. थायमिन म्हणजे युरॅसिलच, फक्त त्याला एक कार्बन व तीन हायड्रोजनचा गट जोडलेला. (ब-१ जीवनसत्त्वालाही थायमिन म्हणतात, ते वेगळे.)

हा जादा खर्च पेशी का सोसते? कारण सायटोसिन हे कच्च्या शाईचे अक्षर. ते आपोआप बिघडते आणि त्याचे युरॅसिल होते. एकेका पेशीत रोज शंभराच्या आसपास अक्षरे अशी बिघडतात. मूळ दप्तरात युरॅसिल हेच रीतसर अक्षर असते, तर खरे कोणते आणि बिघडलेले कोणते, हे कसे ओळखणार? थायमिन असल्यामुळे दुरुस्ती करणारे प्रथिन युरॅसिल दिसले की बिनदिक्कत काढून टाकते. हे प्रथिन टॉमस लिंडाल यांनी १९७४ साली शोधले. २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना विभागून मिळाले. नक्कल चार दिवसांची, तिच्यासाठी एवढा खटाटोप नाही.

पण या तपासणीत सगळ्याच चुका सापडत नाहीत. विदर्भात आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजातही आढळणारा सिकलसेल घ्या. हिमोग्लोबिनच्या पानावर एका ठिकाणी ॲडेनिनच्या जागी थायमिन असते. थायमिन हे दप्तरातले हक्काचे अक्षर, म्हणून हरकत कोण घेणार? नकलेत तिथे युरॅसिल उतरते, प्रथिनात ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते आणि प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

या दप्तराचे दोन संच असतात, एक आईकडचा, एक वडिलांकडचा. एकाच संचात चूक असेल तर माणूस वाहक. तो सहसा धडधाकट असतो, हे सोयरीक मोडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. पत्रिका आपण पाहत नाही, ते बरेच आहे. रक्ताची ही तपासणी मात्र बोलणी पक्की होण्याआधी करावी. विदर्भातल्या जिल्हा रुग्णालयांत ती होते.