चौरीचौऱ्याचीं दोन स्मारकें

यंदा आमच्या शाळेच्या वादसभेंत असा विषय निघाला कीं, कर्तव्यावर असलेल्या पोलिसाचा वध करणारास फांशीचीच शिक्षा असावी काय? एका पक्षानें म्हटलें, समाजाच्या रक्षकावर हात टाकणारास दया नको. दुसऱ्यानें विचारलें, मग देशासाठीं शस्त्र उचलणारांस आपण हुतात्मे कां म्हणतों? दोहों पक्षांस सारख्याच टाळ्या मिळाल्या. सभेंत एका पोलीस शिपायाचा मुलगा बसला होता; तो मात्र खालीं मान घालून स्वस्थ होता. त्याच्या त्या मौनानें आम्हांस हे चार शब्द लिहिणें भाग पडलें.

गोरखपूर जिल्ह्यांत चौरीचौरा म्हणून एक ठिकाण आहे. ४ फेब्रुवारी १९२२ रोजीं असहकारितेच्या चळवळींतील मोठा जमाव तेथील ठाण्यावर आला. पोलिसांनीं गोळीबार केला व त्यांत कांहीं माणसें पडलीं. गोळ्या संपल्यावर पोलीस ठाण्यांत शिरले, तेव्हां जमावानें ठाण्यास आग लाविली. वीसांहून अधिक पोलीस व चौकीदार प्राणांस मुकले. त्यांत गोरा अंमलदार एकही नव्हता. मेले ते आपल्याच देशाचे, थोड्या पगारावर पोट भरणारे लोक होते.

महात्मा गांधींनीं जमावास चिथावणी मिळाली होती हें नाकारलें नाहीं. परंतु त्या सबबीवर कृत्याचें समर्थनही केलें नाहीं. १२ फेब्रुवारीस बारडोली येथें चळवळ तहकूब करण्यांत आली, आणि त्यांनीं स्वतः पांच दिवसांचें उपोषण केलें. हेतु थोर असला म्हणून कृत्य थोर ठरत नाहीं, हें परक्यांस सांगणें सोपें. आपल्याच माणसांस सांगण्यास धैर्य लागतें.

आतां सरकारनें काय केलें तें पाहूं. जानेवारी १९२३ मध्यें सेशन्स कोर्टानें १७२ जणांस फांशीची शिक्षा फर्माविली. एका ठाण्याच्या आगीसाठीं १७२ फांस! पंडित मदनमोहन मालवीय आरोपींच्या वतीनें अलाहाबादच्या हायकोर्टांत उभे राहिले. एप्रिल अखेरीस निकाल लागला, तेव्हां फांशी कायम राहिली ती १९ जणांची. बाकीच्यांपैकीं बहुतेकांस जन्मठेप काळें पाणी झालें, आणि ३८ जण तर निर्दोष सुटले. अपिलाची वाट नसती, तर हे ३८ जीवही फांसावर चढले असते. मेलेल्या मनुष्यास कोणतेंही कोर्ट पुन्हा मोकळें करूं शकत नाहीं.

अपिलाची ही वाट पुढें एका खटल्यांत अडविली गेली. १७ डिसेंबर १९२८ रोजीं लाहोर येथें साँडर्स हा पोलीस अंमलदार व चननसिंग नांवाचा हेड कॉन्स्टेबल मारले गेले. भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या पुणें जिल्ह्यांतील खेडचे राजगुरु यांचा खटला १९३० सालीं खास वटहुकूम काढून तीन न्यायाधीशांच्या खास न्यायासनापुढें चालविला गेला. आरोपींच्या गैरहजेरींतही काम चालविण्याची त्यांत मुभा होती, आणि हायकोर्टाकडे अपील ठेविलें नव्हतें. २३ मार्च १९३१ रोजीं तिघे फांशीं गेले. त्यांचीं नांवें घरोघर आहेत; चननसिंगाचें नांव किती मुलांस ठाऊक आहे?

आमचें मत स्पष्ट आहे. पोलिसाचा जीव स्वस्त नाहीं. रात्रीं आपण निजतों तें कोणी जागतो म्हणून. त्याच्या खुनास कडक शासन हवें. परंतु पोलीस मारला गेला कीं फिर्यादी सरकार, तपास करणारे मृताचेच सोबती, आणि शिक्षा देणारेंही सरकारच. ज्याचा घाव, त्याच्याच हातीं तराजू. अशा वेळीं काटा आपोआप फांशीकडे झुकेल असा कायदा करणें धोक्याचें आहे. उलट तेथें न्यायानें दुप्पट सावकाश चालावें. आरोपीचा हेतु ऐकून घ्यावा, पण हेतु म्हणजे माफी नव्हे. मेलेल्याचा गणवेश लक्षांत घ्यावा, पण गणवेश म्हणजे पुरावा नव्हे. प्रत्येकानें स्वतः काय केलें, एवढेंच अखेर तोलावें. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालीं फांशीची शिक्षा वैध ठरवितांना ती दुर्मिळांतल्या दुर्मिळ प्रसंगींच द्यावी असें सांगितलें, तें याच सावधगिरीनें असें आम्ही समजतों.

चौरीचौरा येथें आज दोन स्मारकें आहेत. एक जळून मेलेल्या पोलिसांचें, दुसरें फांशीं गेलेल्या एकोणीस जणांचें. विद्यार्थिमित्रहो, कधीं तिकडे जाणें झालें तर एकाच स्मारकापुढें नमस्कार करून परतूं नका. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, घरीं मुलांस या इतिहासाची गोष्ट सांगाल तेव्हां ती दोन्ही बाजूंच्या घरांतील रडणाऱ्या माणसांसह सांगा. तसें झालें, तर पुढच्या वादसभेंत त्या मुलास मान खालीं घालून बसावें लागणार नाहीं.