विम्याचा मसुदा निघतो तेव्हा आपण कुठे असतो?

गेल्या महिन्यात माझ्या 160 सीसीच्या बाइकचा विमा भरला. निव्वळ थर्ड पार्टी, तरी 1,612 रुपये. मूळ प्रीमियम 1,366, वर 18 टक्के जीएसटी. 2019 मध्ये याच गटाचा प्रीमियम 1,193 होता. दहा वर्षांत माझ्याकडून एकही अपघात नाही. पण नो क्लेम बोनस थर्ड पार्टीवर मिळतच नाही.

हा विमाच नको, असं मी म्हणणार नाही. कळंबोली सर्कलवरून रोज जाणारा माणूस तसं म्हणू शकत नाही. धडक बसलेल्याच्या घरच्यांना भरपाई त्यातूनच मिळते. पण सप्टेंबर 2018 पासून नव्या बाइकला तो पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. 75 ते 150 सीसीच्या बाइकला 3,851 रुपये, अधिक जीएसटी. तळोजा एमआयडीसीत कामाला लागलेल्या पोराला ही रक्कम दरवर्षी थोडी थोडी का भरता येऊ नये?

हे दर विमा कंपन्या ठरवत नाहीत. केंद्राचं रस्ते वाहतूक मंत्रालय आधी मसुदा काढतं, हरकती मागवतं. पुण्यात 2019 साली हेल्मेटसक्तीविरोधात कृती समितीने मोर्चा काढला (डोकं वाचवणाऱ्या वस्तूविरुद्ध!). विम्याच्या मसुद्यावर मात्र पनवेलमधून एक अर्ज गेल्याचंही माझ्या ऐकण्यात नाही.

पुढचा मसुदा निघाला की मोहल्ल्यातल्या सगळ्या बाइकवाल्यांच्या सह्यांचं एकच निवेदन पाठवू. मजकूर मी लिहून ठेवतो. सह्या गोळा करायला प्रत्येक गल्लीतून एक जण द्या.