विश्लेषण : फोन उपग्रहाला जोडला गेला, पण वाळवंटात मदत तितक्याच लवकर पोहोचते का?

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत ६ जुलै २०२४ रोजी सहा मोटरसायकलस्वार बॅडवॉटर बेसिनच्या रस्त्यानं चालले होते. पारा ५३ अंश सेल्सिअसवर होता. उन्हाच्या तडाख्यानं त्यातला एक दगावला, दुसऱ्याला लास वेगासच्या रुग्णालयात हलवावं लागलं. हे लोक वाट चुकले नव्हते. ते डांबरी रस्त्यावर होते, एकटे नव्हते आणि नेमके कुठे आहेत हे मदत करणाऱ्यांना माहीत होतं. तरीही रुग्णांना नेणारं हेलिकॉप्टर तिथं येऊ शकलं नाही. तापमान ४९ अंशांच्या वर गेलं की ही हेलिकॉप्टर सहसा उडवत नाहीत. तापलेली हवा विरळ होते आणि पात्यांना पुरेशी उचल मिळत नाही.

आता याच वाळवंटात डांबरी रस्ता सोडून ३०-४० मैल आत, एकट्या माणसानं गाडीतच मुक्काम ठोकला आहे, अशी कल्पना करा. अमेरिकेच्या नैऋत्य भागात असं भटकणं नवीन नाही. नवीन आहे तो खिशातला भरवसा. टॉवर नसला तरी आकाशातल्या उपग्रहाकडे संदेश पाठवणारे फोन आता सर्रास मिळतात. त्यामुळे 'काही झालंच तर बटण दाबू' हा विचार सहज मनात येतो. हा भरवसा कुठवर खरा आहे?

फोन थेट उपग्रहाशी बोलतो म्हणजे काय?

अॅपलनं नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिका आणि कॅनडात आयफोन १४ वर ही सोय सुरू केली. गुगलच्या पिक्सेल ९ मध्ये ती २०२४ साली आली. जुलै २०२५ मध्ये टी-मोबाइल या कंपनीनं स्टारलिंकच्या उपग्रहांच्या आधारे सेवा खुली केली आणि त्यासाठी विशिष्ट फोनच हवा ही अटही बरीच सैल झाली. त्याआधी असं काही हवं असेल तर गार्मिन इनरीचसारखं वेगळं उपकरण आणि त्याची वर्गणी घ्यावी लागे.

ही सोय उपयोगाची आहे, यात शंका नाही. डिसेंबर २०२२ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरात एक गाडी सुमारे ३०० फूट खोल दरीत कोसळली. टॉवरचा सिग्नल नव्हता. फोननं अपघात ओळखला, उपग्रहामार्फत संदेश गेला आणि हेलिकॉप्टरनं आतल्या दोघांना बाहेर काढलं. मात्र हे ठिकाण महानगराच्या उशाशी होतं, बचाव पथक जवळ होतं आणि महिना डिसेंबरचा होता.

संदेश पाठवायला आकाश मोकळं दिसावं लागतं. उघड्यावर १५ सेकंदांत जाणारा संदेश झाडाखाली मिनिटभर घेतो आणि अरुंद घळीत त्याहून जास्त वेळ अडकू शकतो. दुसरी अडचण कमी बोलली जाते, ती उष्णतेची. आयफोन वापरण्यासाठी अॅपलनं सांगितलेली तापमानाची मर्यादा ० ते ३५ अंश आहे. डॅशबोर्डवर राहिलेला फोन त्याच्या कितीतरी वर जातो आणि इशारा देऊन काम थांबवतो. म्हणजे ज्या दुपारी त्याची सर्वात जास्त गरज, त्याच दुपारी तो बंद पडण्याची शक्यता सर्वात जास्त. वाळवंटात पाण्याइतकीच सावली फोनलाही लागते.

संदेश गेला, पुढे काय?

खरा प्रश्न इथून सुरू होतो. डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाचा मोठा भाग इन्यो काउंटीत येतो. या काउंटीचं क्षेत्रफळ आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपट आहे आणि लोकसंख्या जेमतेम १९ हजार. उद्यानाबाहेर हरवलेल्यांचा शोध घेण्याची जबाबदारी तिथल्या शेरीफची, पण प्रत्यक्ष उतरतात ते स्वयंसेवक. कुणी दुकान बंद करून येतं, कुणी नोकरीतून सुट्टी काढून. बिशप या गावातून उद्यानातल्या फर्नेस क्रीकला पोहोचायलाच गाडीनं तीनेक तास लागतात. त्यापुढे कच्चा रस्ता, आणि तिथं वेग ताशी १० मैलांवर येतो.

उद्यानाचे रेंजर आहेत, पण त्यांची संख्या हाच गेल्या वर्षातला वादाचा विषय आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेतल्या सुमारे एक हजार नव्या कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि मार्चमध्ये त्यांना परत घेण्याचे आदेश निघाले. मग १ ऑक्टोबरपासून सरकारी कामकाज ४३ दिवस ठप्प झालं. त्या काळात बहुतेक उद्यानांचे रस्ते खुले होते, माणसं मात्र मोजकी. डेथ व्हॅलीत भटक्यांचा हंगाम नेमका त्याच सुमारास सुरू होतो.

थोडक्यात, मदत मागण्याचं अंतर जवळजवळ शून्यावर आलं आहे. मदत येण्याचं अंतर होतं तिथंच आहे. उलट प्रत्येक खिशात बटण आल्यावर ते दाबणारे वाढणार आणि धावून जाणारे तेवढेच राहणार, हा हिशेब कुणी मांडलेला दिसत नाही. फोन कंपन्यांच्या जाहिरातीत तो येण्याचं कारणही नाही.

गाडी सोडावी की गाडीजवळ थांबावं?

जुलै १९९६ मध्ये जर्मनीहून आलेलं चौघांचं कुटुंब, त्यात दोन लहान मुलं, भाड्याची साधी मिनीव्हॅन घेऊन डेथ व्हॅलीतल्या मेंगेल खिंडीच्या दिशेनं निघालं. तो रस्ता फोर-बाय-फोर गाड्यांचा. गाडी परत न आल्यानं चौकशी झाली, पण ती कुठे आहे याचा पत्ता कुणालाच नव्हता. ऑक्टोबरमध्ये गस्तीवरच्या हेलिकॉप्टरमधून ती एका घळीत योगायोगानं दिसली. तीन टायर फाटलेले, आत कुणी नाही. मोठ्या माणसांचे अवशेष सापडायला २००९ साल उजाडलं, तेही गाडीपासून काही मैल दक्षिणेला आणि हौशी शोधकर्त्यांना. गाडी सोडून चालत निघणं जिवावर बेततं, हे सांगताना आजही याच घटनेचा दाखला दिला जातो.

गाडीजवळ थांबायचं ते यासाठी की वरून माणूस दिसत नाही, गाडी दिसते. तिचे आरसे चमकतात, टायर जाळला तर काळा धूर निघतो, तिची सावली मिळते. पण एवढंही पुरत नाही. ऑगस्ट २००९ मध्ये याच उद्यानात एका महिलेची जीप वाळूत रुतली. ती आणि तिचा लहान मुलगा गाडीपाशीच राहिले. पाच दिवसांनी रेंजर पोहोचला तेव्हा मुलगा वाचला नव्हता. जुन्या, बुजलेल्या वाटांवर नेणाऱ्या दिशादर्शक यंत्रांमुळे होणाऱ्या अशा मृत्यूंना तिथले रेंजर 'जीपीएसचे बळी' म्हणू लागले, ते त्याच सुमारास. थांबण्याचा नियम पाण्याशिवाय निरुपयोगी आहे. उद्यानाचा सल्ला माणशी रोज किमान एक गॅलन, म्हणजे सुमारे चार लिटर पाण्याचा आहे. दोन दिवसांच्या मुक्कामाला आठ लिटर, असा त्याचा अर्थ लावू नये. मदत यायला लागणारे दिवसही त्यात धरायचे असतात.

आज त्या जर्मन कुटुंबाकडे उपग्रहाला जोडणारा फोन असता तर ते कदाचित वाचले असते, हेही मान्य करायला हवं. त्यांचा ठावठिकाणा पहिल्याच दिवशी कळला असता. फोन हेच काम उत्तम करतो. उरलेले तास कसे काढायचे, ते गाडीत काय भरलं आहे यावर ठरतं.

आणि एकट्यानं जाणाऱ्याचं गणित इथं बदलतं. टायर फाटणं, वाळूत रुतणं हे दुकट्या माणसांना अर्ध्या दिवसाचं काम. एकटा माणूस ५० अंशांत फावडं मारायला लागला की तासाभरात तोच रुग्ण होतो. उष्माघातात आधी बुद्धी भ्रमते, आणि 'तू बस, तू बरळतोयस' असं सांगायला शेजारी कुणी नसतं. म्हणून जाणकार एकटे वाळूत शिरताना टायरमधली हवा ३५ पीएसआयवरून १५-२० वर आणतात, पुन्हा भरायला कॉम्प्रेसर ठेवतात, एकाऐवजी दोन जादा टायर नेतात आणि खणायचं काम सूर्य मावळल्यावर करतात. कच्च्या वाटेवरून गाडी ओढून आणायचा खर्च हजारो डॉलरांत जातो, हे वेगळंच.

गाडीतच झोपण्यात धोका कोणता?

दिवसा बंद गाडी म्हणजे भट्टी, पण गाडीबाहेर जमिनीवर आडवं होणंही सोपं नाही. फर्नेस क्रीकला १५ जुलै १९७२ रोजी जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान ९३.९ अंश नोंदवलं गेलं होतं, म्हणजे पाणी उकळायला सहा अंश कमी. सावलीत बसायचं तेही खाली जाड काही अंथरून किंवा उंचावर. हिवाळ्यात उलटं. आसपासच्या उंच वाळवंटी पठारांवर रात्री पारा शून्याखाली जातो आणि माणूस इंजिन किंवा गॅसची शेगडी चालू ठेवून काचा लावतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वाळूत सायलेन्सर गाडला गेला असेल तर हा वायू आणखी सहज आत येतो.

मुक्कामाला सपाट, मऊ आणि वाऱ्यापासून आडोसा असलेली जागा म्हणून कोरड्या ओढ्याचं पात्र मोहात पाडतं. तिथंच सर्वात मोठी चूक होते. डेथ व्हॅलीत वर्षभरात सरासरी पाचेक सेंटिमीटर पाऊस पडतो. ५ ऑगस्ट २०२२ रोजी त्यातला सुमारे पाऊण भाग काही तासांत पडला. सुमारे ६० गाड्या गाळात रुतल्या आणि हजारभर माणसं अडकली. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'हिलरी' वादळानं वर्षाचा पाऊस एका दिवसात ओतला, उद्यान जवळपास दोन महिने बंद राहिलं. पाऊस डोंगरावर पडतो आणि लोंढा निरभ्र आकाशाखाली झोपलेल्या माणसापर्यंत येतो.

कायद्यानं मुभा कुठे, हेही पाहावं लागतं. उद्यानात कच्च्या वाटांवर ठरावीक भागातच आणि डांबरी रस्त्यापासून किमान मैलभर आत मुक्काम करता येतो. बाहेरच्या सरकारी जमिनींवर साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस विनामूल्य राहता येतं. मात्र या जमिनींवरचे सगळेच हौसेनं आलेले नसतात. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक जागी झोपणाऱ्यांना दंड करण्याची मुभा शहरांना दिली. घरभाडं न परवडल्यानं गाडीत राहणाऱ्यांना शहरात थारा कमी झाला की मोकळं वाळवंट उरतं. त्यांच्याकडे ना दोन जादा टायर असतात, ना नवा फोन, आणि ते कधी परत येणार याची वाट पाहणारंही कुणी नसतं.

भारतात ही सोय का नाही?

नाताळच्या सुट्टीत कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांमधूनही डेथ व्हॅलीचे बेत ठरतात. तिथं वापरलेलं उपकरण घेऊन भारतात येणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. २६/११ च्या हल्ल्यात दहशतवाद्यांनी उपग्रह फोन वापरले होते. इथं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे. थुराया आणि इरिडियमच्या फोनवर तर बंदीच आहे. गार्मिन इनरीच इरिडियमच्याच जाळ्यावर चालतं. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू महिलेला तळहातात मावणाऱ्या अशाच उपकरणामुळे अडवण्यात आलं होतं. आयफोनची उपग्रह सेवाही भारतात उपलब्ध नाही. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये परवाना मिळाला, तो छतावरच्या अँटेनातून इंटरनेट देण्यासाठी.

त्यामुळे जैसलमेरच्या पुढे किंवा कच्छच्या रणात एकट्यानं गाडी घालणाऱ्याकडे अजून जुनीच साधनं आहेत. परवान्याच्या नाक्यावर केलेली नोंद, आणि घरी कुणाकडे तरी ठेवलेला कागद. त्यावर वाट कोणती, गाडीचा नंबर काय आणि कितव्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं, एवढं लिहिलेलं असावं लागतं.