नाक्यावर उभ्या असलेल्या बाईची ‘ड्युटी’ नेमकी कधी सुरू होते?

सकाळचे साडेसात. पिंपरी-चिंचवडचा डांगे चौक असो, पुण्यातलं वारजे असो किंवा नवी मुंबईतला एखादा नाका, चित्र साधारण सारखंच असतं. रस्त्याच्या कडेला पुरुषांचे घोळके आणि त्यांच्यापासून जरा बाजूला बायकांचा एक गट. प्रत्येकीच्या हातात पिशवी. पिशवीत भाकरीचा डबा, पाण्याची बाटली, साडीवर चढवायचा नवऱ्याचा जुना शर्ट आणि डोक्यावर चुंबळीसाठी एखादं फडकं. पुण्यात या जागेला मजूर अड्डा म्हणतात, मुंबईकडे नाका.

एक मोटरसायकल थांबते. ‘दोन बिगारी पाहिजेत, राडारोडा खाली उतरवायचाय.’ काम कुठे आहे, कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, संध्याकाळी परत कोण सोडणार, हे प्रश्न नंतरचे. आधी भाव ठरतो. ठरला तर बाई मागे बसते किंवा टेम्पोत चढते. नाही ठरला, तर पुढच्या गाडीची वाट बघते.

मराठवाडा, विदर्भ, कर्नाटकातले कलबुर्गी-यादगीर-विजयपुरा, तेलंगणातलं महबूबनगर, छत्तीसगड अशा अनेक भागांतून या बायका पुण्या-मुंबईत आलेल्या असतात. शहरातल्या बाकीच्या नोकरदारांसारख्या त्याही रोज कामाला जातात. फरक एवढाच, की आपण आज कुठे जाणार आहोत हे त्यांना घरातून निघताना माहीत नसतं. साधी वाटणारी हीच गोष्ट त्यांच्या मजुरीवर, सुरक्षिततेवर आणि कायद्याने दिलेल्या जवळपास प्रत्येक हक्कावर परिणाम करते.

रोजचा प्रवास, पण रोजचा रस्ता नाही

ऑफिसला जाणाऱ्या माणसाचा प्रवास एकाच रस्त्यावरचा असतो. त्याचा पास निघतो, बसची वेळ पाठ होते. नाक्यावरच्या बाईचा प्रवास दोन तुकड्यांत होतो. पहिला तुकडा वस्तीपासून नाक्यापर्यंत, बहुतेक वेळा पायी. दुसरा नाक्यापासून साइटपर्यंत, मिळेल त्या वाहनाने. संध्याकाळी तर ठेकेदाराची गाडी असेलच असं नाही. सकाळी त्याला मजूर हवे असतात म्हणून तो आणायला येतो. सहा वाजता त्याची गरज संपलेली असते. मग अनोळखी भागातून, अंधार पडताना, शेअर रिक्षा शोधत परत यायचं आणि ते पैसे दिवसाच्या मजुरीतून द्यायचे.

2011च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना पहिल्यांदाच विचारलं गेलं, की तुम्ही कामावर किती लांब आणि कशाने जाता? त्यात पायी जाणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांमध्ये बरंच जास्त निघालं. यामागे केवळ गरिबी नाही. घरात एक सायकल किंवा मोटरसायकल असेल तर ती कोणाकडे असते, हे सांगायला जनगणनेची गरज नाही.

मग सरकारी सवलतींचं काय? महाराष्ट्रात 17 मार्च 2023 पासून एसटीमध्ये महिलांना अर्धं तिकीट आहे. कर्नाटकात त्याच वर्षी 11 जूनपासून ‘शक्ती’ योजनेत राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास मिळतो. म्हणजे कलबुर्गीहून निघालेली बाई राज्याच्या हद्दीपर्यंत फुकट येऊ शकते आणि पुढे एसटीने अर्ध्या तिकिटात पुण्याला पोहोचू शकते. पण हा प्रवास वर्षातून दोन-चार वेळचा. रोज करावा लागतो तो शहरातला प्रवास, आणि एसटीची सवलत शहर बससेवेला लागू नाही. तमिळनाडूत 2021 पासून शहरांतल्या साध्या बसमध्ये महिलांना तिकीट नाही. पुण्या-मुंबईत तसं काही नाही.

टेम्पो उलटला तर?

बांधकाम मजुरांनी भरलेला ‘छोटा हत्ती’ किंवा पिकअप शहराच्या कडेने रोज दिसतो. मागच्या हौद्यात सिमेंटच्या गोण्या, फावडी आणि त्यांवर बसलेली माणसं. मालवाहू गाडीतून अशी माणसं नेणं बेकायदा आहेच, पण प्रश्न तिथे संपत नाही. गाडीच्या मालकाचे कामगार नसलेले किंवा गाडीतल्या मालाचे मालक नसलेले लोक अशा गाडीत बसले असतील, तर त्यांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं न्यायालयांनी अनेकदा म्हटलं आहे. टेम्पो भाड्याचा आणि मजूर ठेकेदाराचे असले की भरपाई नेमकी कोणाकडे मागायची, इथपासूनच वाद सुरू होतो.

याच संदर्भात 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. प्रकरण महाराष्ट्रातलंच होतं. एका साखर कारखान्याचा रखवालदार 2003 साली पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटरसायकलवरून निघाला आणि वाटेतच अपघातात गेला. तो ‘कामावर’ असताना गेला की नाही, हा वाद वीस वर्षांहून जास्त चालला. शेवटी न्यायालय म्हणालं, की अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दाखवता येत असेल, तर घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही नोकरीच्या ओघातच झाला असं मानलं पाहिजे. 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद आहे, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून ही संहिता इतर तीन कामगार संहितांसोबत लागू झाली आहे.

निकाल चांगला आहे. रखवालदाराच्या बाबतीत तो लागू करणंही सोपं होतं, कारण कारखाना ठरलेला होता, पाळी ठरलेली होती आणि हजेरीपटावर नाव होतं. आता हाच नियम नाक्यावरच्या बाईला लावून बघा. सकाळी सात वाजता वस्तीतून नाक्याकडे चालत जाताना तिला गाडीने उडवलं, तर ती कोणाच्या कामावर जात होती? त्या क्षणी तिला मालकच नाही. तो अर्ध्या तासाने मोटरसायकलवरून येणार असतो. संध्याकाळी परतताना अपघात झाला तर मालक असतो, पण त्याचं पूर्ण नाव तिला माहीत असेलच असं नाही. मोबाइलमध्ये नंबर सेव्ह असतो तो ‘फरशीवाले शेठ’ असा.

साइटवर राहणाऱ्यांचं सोपं आहे का?

मोठ्या गृहप्रकल्पांवर काम करणाऱ्या अनेक बायकांना प्रवासच नसतो. त्या साइटच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहतात. वरवर हे बरं वाटतं, पण तिथे घर आणि नोकरी एकाच माणसाच्या हातात असतात. मजुरी थकली म्हणून भांडण केलं तर काम जातं आणि त्याच संध्याकाळी खोलीही जाते. गावाहून येताना उचल घेतलेली असेल तर तेवढंही भांडता येत नाही.

शिवाय प्रवास वाचला म्हणजे वेळ वाचला, असंही नाही. पाणी टँकरचं, ठरलेल्या वेळेलाच येणारं. चूल, धुणं, पोरं उरकून नऊला कामावर हजर व्हायचं आणि सहानंतर पुन्हा चूल. केंद्र सरकारच्या 2024च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88. हे आकडे सगळ्या देशाचे आहेत, ज्यांच्या घरी नळ आणि गॅस आहे त्यांच्यासकट.

शौचालयाचा प्रश्न तर सगळीकडेच आहे. इमारत अर्धवट, संडास एकच आणि तोही पुरुषांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर. त्यामुळे अनेकजणी कामाच्या वेळेत पाणीच कमी पितात. मे महिन्याच्या उन्हात, डोक्यावर घमेलं घेऊन.

पोरांसाठी पाळणाघर असावं, असं कायदा 1996 पासून सांगतो. पण त्यात अट होती पन्नासहून अधिक महिला कामगारांची. एका साइटवर खोदाईचा ठेकेदार वेगळा, प्लास्टरचा वेगळा, फरशीचा वेगळा. प्रत्येकाच्या मस्टरवर दहा-पंधरा बायका दाखवल्या की पन्नासचा आकडा कधी गाठलाच जात नाही. नव्या संहितेत पन्नासहून अधिक कामगार, मग ते स्त्री असोत की पुरुष, असा निकष आला आहे. ही सुधारणा खरी आहे, पण ठेके तुकड्यांत वाटण्याची पद्धत तशीच आहे. मीरा महादेवन यांनी 1969 मध्ये दिल्लीत बांधकामावरच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’ सुरू केली. साइट हलली की पाळणाघरही हलणार, ही त्यामागची कल्पना. पन्नासहून अधिक वर्षांनंतरही ती बहुतांश साइटवर पोहोचलेली नाही.

बिगारी कायम बिगारीच

बांधकामावर पुरुष बिगारी म्हणून लागतो, काही वर्षांत थापी हातात घेतो आणि मिस्त्री होतो. बाई वीस वर्षांनीही बिगारीच राहते. विटा, वाळू, पाणी वाहणं, साफसफाई. समान कामाला समान मोबदला देण्याचा नियम 1976च्या कायद्याने आला, पण बाईच्या कामाला नावच वेगळं दिलं की तो नियम बाजूला पडतो. ‘जोडी’ने काम घेतलं तर हिशोब नवऱ्याच्या हातात जातो, तिची मजुरी किती, हे कुठेच वेगळं लिहिलेलं नसतं. त्यात रेडीमिक्स काँक्रीट आणि पंप आल्यावर स्लॅबच्या दिवशी घमेल्यांची रांग लावणारी बायकांची कामं कमी झाली. यंत्रांनी आधी ओझं वाहणाऱ्यांचंच काम घेतलं.

90 दिवसांचा कागद

महाराष्ट्रात इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. नोंदणी जवळपास फुकट, म्हणजे एक रुपयात होते. नोंदणी झालेल्या महिलेला नैसर्गिक बाळंतपणासाठी 15,000 रुपये आणि सिझेरियनसाठी 20,000 रुपये मिळतात, मुलांना शिष्यवृत्ती मिळते. वय 18 ते 60 हवं आणि मागच्या वर्षभरात किमान 90 दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र हवं.

खरी अडचण या प्रमाणपत्राची आहे. नाक्यावरची बाई वर्षात 90 दिवस भरतेच, पण ते तीस-चाळीस वेगवेगळ्या मालकांकडे. कोणी एक दिवसासाठी नेलं, कोणी तीन दिवसांसाठी. सही कोण करणार? ठेकेदार कागदावर सही करायला कचरतो, कारण सही म्हणजे ‘ही माझी कामगार आहे’ अशी कबुली. ग्रामपंचायत किंवा महापालिकेच्या अधिकाऱ्याकडून प्रमाणपत्र घेता येतं, पण स्थलांतरित बाईला इथला अधिकारी ओळखत नाही आणि गावाकडच्याने तिला काम करताना पाहिलेलं नाही. कार्यालयाच्या वेळेत खेटे घालायचे तर प्रत्येक खेपेला एक खाडा पडतो. मग एजंट येतात आणि त्यांचा दर एक रुपया नसतो.

त्यातही ती जी कामं करते, घराची दुरुस्ती, फरशी बदलणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, ती बहुधा कायद्याच्या व्याख्येतच बसत नाहीत. दहापेक्षा कमी कामगार असलेलं बांधकाम व्याख्येबाहेर आहे. स्वतःच्या राहत्या घराचं काम आधी 10 लाखांपर्यंतच्या खर्चाला वगळलेलं होतं. सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा 50 लाखांवर गेली. या बदलाची चर्चा फारशी झाली नाही, पण नाक्यावरच्या बायकांसाठी तोच सर्वांत मोठा बदल आहे.

पैसा मात्र आहे. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून तो जमा होतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018च्या निकालात नोंदवलं होतं, की देशभरात सुमारे 37,400 कोटी रुपये जमा झाले आणि त्यातले जेमतेम 9,500 कोटी वापरले गेले. मजुरांच्या या पैशांतून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतल्याचंही न्यायालयासमोर आलं.

नोंदणीची यंत्रणा सकाळी सात ते दहा या वेळेत थेट नाक्यावर आणणं आणि रोजच्या हजेरीची नोंद मजुराच्याच मोबाइलवर ठेवणं अवघड नाही. उपकराची वसुली तर बांधकाम परवानगीशी जोडलेली आहेच. कोणत्या पत्त्यावर काम चालू आहे, हे महापालिकेला माहीत असतं. तिथे त्या दिवशी कोण राबलं, याची नोंद तेवढी कुठे होत नाही.

दहा वाजत आले की नाका पांगायला लागतो. ज्यांना काम मिळालं त्या गेलेल्या असतात. उरलेल्या बायका डबा न उघडता पिशवी उचलतात आणि वस्तीकडे परत चालू लागतात.