यात्रेच्या टेम्पोतला गॅस सिलिंडर: गळती कुठून होते आणि टेफ्लॉन टेपनं ती थांबते का?

कळवण तालुक्यातल्या सप्तशृंगी गडावर चैत्रोत्सवाला आणि नवरात्राला खानदेशासह राज्यभरातून भाविक येतात. पायी येणाऱ्या मंडळांसोबत सामानाचा टेम्पो असतो. त्यात शिधा, भांडी, शेगडी आणि गॅस सिलिंडरही असतो. यात्राकाळात खासगी गाड्या नांदुरीत थांबवून भाविकांना एसटीनं गडावर नेलं जातं. म्हणजे चालतं-फिरतं स्वयंपाकघर असलेल्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात.

दुसरीकडे, राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणलं. किचन असलेल्या गाड्यांची हौसही वाढते आहे. अशा गाडीतली गॅसची जोडणी सुरक्षित आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

धोका किती खरा आहे?

26 ऑगस्ट 2023 ला मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या पर्यटक डब्याला आग लागली आणि 9 जणांचा जीव गेला. प्रवाशांनी नियम मोडून आत सिलिंडर आणला होता. सकाळचा चहा करताना आग भडकली, असं रेल्वेनं सांगितलं.

एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. ते हवेपेक्षा जड असतं, त्यामुळे गळलेला गॅस गाडीच्या तळाशी साचतो. हवेत त्याचं प्रमाण सुमारे 2 टक्के झालं की ठिणगी पुरते. 10 घनमीटरच्या बंद गाडीत त्यासाठी साधारण अर्धा किलो गॅस लागतो. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो असतो. शिवाय गॅस खालीच साचत असल्यानं तळाशी ही पातळी त्याहून लवकर गाठली जाते.

घरची जोडणी आणि गाडीतली जोडणी, फरक काय?

घरात सिलिंडर जागचा हलत नाही. गाडीत खड्डे आणि घाटातली वळणं यांनी प्रत्येक जॉइंट हादरत राहतो. नट सैल होतात, नळी पत्र्यावर घासते.

मग सगळीकडे टेप गुंडाळायची का?

नाही. प्रत्येक जॉइंट वेगळ्या जागी गॅस अडवतो.

• सिलिंडर आणि रेग्युलेटर: इथे व्हॉल्व्हमधली रबरी रिंग गॅस अडवते. ती झिजली, चिरली किंवा पडली तर टेपचा उपयोग नाही. रिंग बदलावी लागते, आणि ते काम वितरकाच्या माणसाचं.

• निमुळत्या आट्यांचे लोखंडी वा पितळी जॉइंट: इथे आट्यांमधल्या फटी भराव्या लागतात. त्यासाठी गॅससाठीचीच जाड टेप किंवा सीलंट हवं. नळकामाची पातळ टेप वापरू नये. टेप आट्यांच्या दिशेनं गुंडाळावी आणि पहिला आटा मोकळा सोडावा, नाहीतर तुकडे आत जाऊन बर्नर तुंबतो.

• तोंड फुलवलेली तांब्याची नळी: कॅरव्हॅनमध्ये असे जॉइंट असतात. इथे धातूवर धातू घट्ट बसून गॅस अडतो. मध्ये टेप आली तर तो नीट बसत नाही आणि गळती होऊ शकते.

• रबरी नळी: आयएसआय शिक्क्याची सुरक्षा नळी आणि दोन्ही टोकांना क्लिप हवी. तडा दिसला किंवा 5 वर्षं झाली की नळी बदलायची.

गळती कशी तपासायची?

साबणाचा फेस प्रत्येक जॉइंटवर लावा. बुडबुडे आले म्हणजे गळती आहे. काडी पेटवून कधीही पाहू नका. लांबच्या प्रवासानंतर, शेगडी पेटवण्याआधी, हे 2 मिनिटांचं काम दरवेळी करायचं.

गाडी चालू असताना रेग्युलेटर काढलेला, सुरक्षा टोपी लावलेली आणि सिलिंडर उभा, घट्ट बांधलेला हवा. आडव्या सिलिंडरमधून द्रवरूप गॅस बाहेर येऊ शकतो. वायू होताना तो सुमारे 250 पट पसरतो.

वास आला तर? आधी सगळ्यांना गाडीबाहेर काढा. सहज हात पोहोचत असेल तरच व्हॉल्व्ह बंद करा. गाडी सुरू करू नका, दिव्याच्या बटणालाही हात लावू नका. लांब जाऊन 1906 या गॅस हेल्पलाइनवर फोन करा.

हे तपासायचं कुणी?

खरी अडचण इथे आहे. घरची जोडणी गॅस वितरकाचा माणूस येऊन तपासू शकतो. आरटीओ फिटनेसच्या वेळी गाडी पाहतं, पण यात्रेच्या आदल्या रात्री टेम्पोत चढवलेला सिलिंडर तेव्हा तिथे नसतोच. रेल्वेत सिलिंडर नेला तर 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तरी मदुराईत तो डब्यात पोहोचला.

त्यामुळे नियमांइतकीच मंडळाची स्वतःची शिस्त महत्त्वाची. स्वयंपाक गाडीत न करता गाडीपासून दूर, उघड्यावर करायचा. रिंग, नळी आणि फेसाची तपासणी एका ठरावीक माणसाकडे द्यायची. तुमच्या गावातून यंदा टेम्पो निघणार असेल, तर ही जबाबदारी कुणाकडे आहे, हे निघण्याआधी विचारून घ्या.