आजोबांची चेतक जपायची की ‘पॉवर’ वाढवायची? इंजिन खोलण्याआधी हे वाचा

गेवराईत आमच्या घराच्या ओसरीत एक चेतक उभी आहे. आजोबांनी 1978 मध्ये घेतलेली. आजोबा गेले, तेव्हापासून तिच्यावर गोधडी टाकलेली होती. मध्यंतरी राज्यात जुन्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवणं बंधनकारक झालं आणि घरात आरसी बुकाची शोधाशोध सुरू झाली. बुक सापडलं आणि त्यासोबत वादही.

चुलत भावाचं म्हणणं, “काका, हिचं बोअर वाढवू, मोठा कार्बोरेटर टाकू, सायलेन्सर बदलू. बुलेटच्या बरोबरीनं पळंल.” काकांचं एकच उत्तर, “हात लावायचा नाही.”

तुमच्याही घरात चेतक, एम-80 किंवा लूना असेल, तर हा वाद कधी ना कधी होणारच. त्यात कोण बरोबर, हे कायदा आणि इंजिन या दोन्ही बाजूंनी पाहू.

या स्कूटरमध्ये एवढं काय आहे?

बजाज ऑटो आधी इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायची. तो करार 1971 मध्ये संपला आणि 1972 मध्ये चेतक आली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचं, कारखाना पुण्याजवळच्या आकुर्डीचा. लायसन्स राजच्या काळात स्कूटर बुक केल्यावर अनेक वर्षं वाट पाहावी लागायची. मराठवाड्यातल्या मास्तर, ग्रामसेवक, तलाठ्यांच्या घरात स्कूटर येणं म्हणजे घर वर आल्याची खूण होती.

2020 मध्ये बाजारात आलेली चेतक इलेक्ट्रिक आहे. नाव तेच, गाडी पूर्ण वेगळी. जुनी टू-स्ट्रोक चेतक आता नव्याने बनत नाही. जेवढ्या उरल्यात, तेवढ्याच.

मग पॉवर हवी कशाला?

भावाची बाजूही समजून घ्यायला हवी. आजोबांच्या काळात गेवराईहून बीडला जाणारा रस्ता साधा होता. आज तोच सोलापूर-धुळे चौपदरी महामार्ग आहे. पाडळसिंगीच्या टोलनाक्याकडे निघालं, की ट्रक आणि ट्रॅव्हल्स अंगावरून गेल्यासारख्या जातात. त्यात चाळीस-पन्नासच्या वेगाने चालणाऱ्या स्कूटरवर भीती वाटते. म्हणजे त्याच्या मागणीत फक्त शायनिंग नाही, खरी अडचण आहे.

पण त्यावर इंजिन मोठं करणं हा उपाय आहे का?

इंजिन वाढलं, ब्रेकचं काय?

चेतकचं इंजिन सुमारे 145 सीसीचं, चाकं 10 इंचांची आणि ब्रेक ड्रमचे. हे सगळं एकमेकांच्या मापाने बनवलेलं आहे. गाडीचा वेग 50 वरून 70 झाला, तर तिच्यातली ऊर्जा 40 टक्क्यांनी नाही, जवळपास दुप्पट होते. म्हणजे ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतरही साधारण दुप्पट. इंजिन बदललं तरी ब्रेक, सस्पेन्शन आणि चेसिस 1978 चेच राहतात.

दुसरी गोष्ट उष्णतेची. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलसोबत मिसळलेलं ऑइलच पिस्टनला वंगण देतं. सिलेंडर वाढवला, पोर्ट मोठे केले, की जास्त पेट्रोल जळतं आणि जास्त उष्णता तयार होते. कार्बोरेटरचं जेटिंग जरा चुकलं, की पिस्टन जाम. बीडच्या मे महिन्यात, चालत्या गाडीचं मागचं चाक असं लॉक होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

आणि सायलेन्सर? टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरचा आकार इंजिनाच्या कामाचाच भाग असतो. तो नुसता पोकळ केला तर आवाज नक्की वाढतो, ताकद वाढेलच असं नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा आरसीतली माहिती वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं.

त्याच वर्षी कायद्यात कलम 182अ आलं. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराच्या नियमभंगासाठी कलम 190 वेगळं, त्यात दंड 10,000 रुपयांपर्यंत जातो. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलीस रोड रोलर फिरवतात, ते व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील.

अपघात झाला आणि इंजिन आरसीप्रमाणे नाही असं निघालं, तर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं. त्याची झळ अख्ख्या घराला बसते.

50 वर्षांची अट : इथे खरा फरक पडतो

2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जास्त जुन्या दुचाकी आणि चारचाकींना व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळू शकते. फेरनोंदणीचं शुल्क 5,000 रुपये, मुदत 10 वर्षं. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो, ‘व्हीए’ अशी अक्षरं नव्या नोंदणीच्या नंबरात येतात.

अट एकच, पण मोठी. गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत.

आमच्या चेतकला 2028 मध्ये 50 वर्षं पूर्ण होतील. आज बोअर वाढवलं, तर तो दरवाजा कायमचा बंद. अर्थात, व्हिंटेज नोंदणी घेतल्यावर गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. रोज फिरवायची असेल, तर साधी नोंदणीच चालू ठेवायची.

मग आधी काय करायचं?

पहिलं, गाडी नावावर करा. मालकाचा मृत्यू झाल्यावर वारसाने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून हस्तांतरणासाठी अर्ज करायचा असतो. आमच्याकडे हे राहूनच गेलं होतं, बहुतेक घरांत राहतं. मृत्यू प्रमाणपत्र, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती तयार ठेवा. गेवराईकरांना यासाठी बीडचं कार्यालय.

दुसरं, नोंदणीचं नूतनीकरण. खासगी गाडी 15 वर्षांनी भंगारातच काढावी लागते, हा गैरसमज आहे. तो कडक नियम दिल्ली परिसरातला. आपल्याकडे 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण होतं. ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेनुसार 20 वर्षांहून जुन्या दुचाकीसाठी त्याचं शुल्क 2,000 रुपये आहे. पर्यावरण कर, उशिराचं शुल्क, पीयूसी आणि विमा हे वेगळं.

तिसरं, रबर बदला. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांमधले काही रबरी भाग आणि गॅस्केट त्यामुळे बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केलंय. पेट्रोल पाइप, कार्बोरेटरची सीलं, गॅस्केट हे भाग स्वस्त आहेत. सोबत ब्रेक शू, केबल आणि टायर नवे टाका. त्याच मापाचे नवे भाग घालणं म्हणजे मॉडिफिकेशन नाही, ती दुरुस्ती आहे.

आमच्या घरात काय ठरलं?

इंजिन मूळ मापाचंच राहणार. पिस्टन रिंग बदलायच्या, कार्बोरेटर साफ करायचा, ब्रेक पूर्ण नवे. भाऊ नाराज होता, पण गाडी त्याच्याच नावावर करायची ठरली आणि देखभालही त्याच्याकडेच. अट एवढीच, की महामार्गावर न्यायची नाही. बाजार, शाळा, शेत, एवढंच तिचं जग. बीडला जायला घरात दुसरी बाईक आहे.

काका एकच बोलले, “जशी आहे तशी ठेवली, तर पुढं कधीही बदलता येईल. एकदा कापली, की माघारी येत नाही.”

भावाने यावर काही उत्तर दिलं नाही. तो गोधडी बाजूला करून किक मारून बघत होता.